वाहनतळ हेही कामाचे ठिकाण आहे

आषाढी एकादशी जवळ येऊ लागली की शासनाची सारी यंत्रणा पंढरपुराकडे वळते. आढावा बैठका भरतात, आराखडे मंजूर होतात, मंत्र्यांचे दौरे निघतात. पाण्याचे टँकर किती, शौचालये किती, पोलीस किती आणि रुग्णवाहिका किती यांचे आकडे वृत्तपत्रांतून रोज झळकतात. २०२५ च्या आषाढीसाठी राज्य परिवहन महामंडळाने ५,२०० जादा गाड्यांची घोषणा केली होती. चंद्रभागा, भीमा, पांडुरंग आणि विठ्ठल कारखाना या नावांची तात्पुरती बसस्थानके यात्रेसाठी उभी राहतात. वारीच्या वाहनांना पथकर माफ करणारे पासही अलीकडे दर वर्षी दिले जातात. हे सारे आवश्यकच आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र या आकड्यांच्या गर्दीत एक आकडा कधीच सापडत नाही. शहराच्या चारही अंगांना, शेतांत आणि मोकळ्या मैदानांत जे वाहनतळ उभे राहतात, त्यांवर शिट्टी, काठी आणि पावतीपुस्तक घेऊन रात्रंदिवस उभी असलेली माणसे किती, त्यांना कामावर कोणी लावले, त्यांपैकी कोणी जखमी झाले काय, याची नोंद कुठल्याही आराखड्यात नसते. वाहनाला पास मिळतो. वाहन सांभाळणाऱ्या माणसाच्या नावाची चिठ्ठीसुद्धा कोठे नसते.

हा माणूस कोण आहे? बहुधा तो भूमिहीन शेतमजूर किंवा हाताला काम नसलेला तरुण असतो. मुकादमाच्या तोंडी शब्दावर तो कामावर येतो, यात्रा संपली की त्याचे काम संपते. त्याची मजुरी रोजावर ठरते, पाळी मात्र ठरत नाही. बारा तासांनंतर बदली माणूस आला नाही तर त्यानेच पुढे उभे राहायचे असते. त्याच्या जोडीला कोठे गृहरक्षक दलाचे जवान असतात, कोठे महाविद्यालयातील विद्यार्थी स्वयंसेवक असतात. काम सर्वांचे एकच, धोकाही एकच. परंतु गणवेशातल्या माणसामागे निदान एक खाते उभे असते. रोजंदारीवरच्या माणसामागे कोणीच नसते.

वाहनतळावर कसला आला आहे धोका, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. धोका म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्रमागाचे पट्टे, साखर कारखान्याचा बॉयलर किंवा खाणीतला सुरुंग येतो. मोकळ्या मैदानात उभे राहून हात हलविण्यात कसली जोखीम, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. यंत्र एका जागी पक्के बसविलेले असते आणि त्याभोवती कठडा घालता येतो. वाहनतळावर मात्र शेकडो यंत्रे एकाच वेळी हलत असतात, प्रत्येक यंत्र चालविणारा परका असतो, तो रात्रभर जागून आलेला असतो, आणि त्या यंत्रांमधूनच बायकामुले, वृद्ध आणि डोईवर गाठोडी घेतलेले वारकरी वाट काढीत असतात. मागे येणाऱ्या टेम्पोच्या किंवा ट्रॉलीच्या मागची जागा चालकाला दिसत नाही. नव्या मोटारींना मागचा अडथळा सांगणारी यंत्रणा १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पण खेड्यापाड्यांतून दिंडीचे सामान घेऊन येणारे जुने टेम्पो आणि ट्रॅक्टर यांना असले डोळे कोठून असणार? त्यांचे डोळे म्हणजे मागे उभा असलेला हाच रोजंदारीवरचा माणूस. वाहन आणि भिंत, किंवा वाहन आणि वाहन, यांच्यामध्ये सापडण्याची पहिली पाळी त्याचीच असते.

पंढरीला वर्षातून चार मोठ्या यात्रा भरतात आणि प्रत्येक यात्रा या माणसापुढे निराळे संकट घेऊन येते. आषाढीत पाऊस असतो. काळ्या मातीचे रान चिखल होते, चाके रुततात, गाडी ढकलताना ती कोणत्या बाजूला घसरेल याचा नेम राहत नाही. तात्पुरत्या दिव्यांच्या तारा त्याच ओल्या जमिनीवरून ओढलेल्या असतात. पाऊस चुकविण्यासाठी थकलेले वारकरी ट्रकखाली अंथरूण टाकतात, आणि पहाटे निघण्याच्या घाईत चालकाने खाली न पाहता गाडी सुरू केली तर काय अनर्थ होईल हे सांगावयास नको. कार्तिकीला जनावरांचा बाजार भरतो. तेव्हा वाहनांच्या गर्दीत बुजलेल्या जनावरांची भर पडते. माघीच्या रात्री थंडीच्या असतात, उघड्यावरचा पहारा अंगात भरतो आणि ऊब मिळावी म्हणून वाहनांच्या शेजारीच शेकोट्या पेटतात. चैत्रीला सोलापूर जिल्ह्याचे ऊन माथ्यावर असते; मैदानात झाड नसते आणि तापलेल्या पत्र्यांच्या रांगांमध्ये हवा कोंडते. उष्माघात हा केवळ वारकऱ्यालाच होतो असे नाही.

याशिवाय न दिसणारे धोकेही आहेत. इंजिने सुरू ठेवून रांगेत थांबलेल्या वाहनांचा धूर दहा-बारा तास छातीत घेणे हे या कामाचा भागच समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला आहे. मोठ्या शहरांतील तळघरांतल्या वाहनतळांत तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच. त्या वायूला ना रंग, ना वास, आणि डोके जड झाले तर कामगार ते जागरणाचे समजून सोडून देतो. सतत उभे राहून पायांच्या शिरा फुगतात. भोंग्यांनी कान बधिर होतात. जवळ शौचालय नसल्याने कामावरच्या स्त्रिया पाणी पिण्याचेच टाळतात आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. शेवटी पैशांचा तंटा आहेच. दर किती, पावती कशाची, गाडीला ओरखडा कोणी पाडला, या प्रत्येक प्रश्नावर संतापलेल्या गाडीवाल्याच्या पुढ्यात ठेकेदार नसतो, नगरपालिकेचा अधिकारी नसतो. शिव्या आणि प्रसंगी मार खाण्यासाठी हाच माणूस असतो. त्याच्या खिशात दिवसभराची रोकड असते आणि रात्री तो एकटा असतो.

या धोक्यांवरचे उपाय फार खर्चाचे नाहीत आणि अवघडही नाहीत. एसटीच्या स्थानकात गाडी मागे घेताना वाहक खाली उतरून शिट्टी वाजवितो, हे महाराष्ट्रातील प्रत्येक प्रवाशाने पाहिले आहे. त्या साध्या शिस्तीत सुरक्षिततेचे मूळ तत्त्व सामावलेले आहे: इशारा देणारा एकच असावा, तो चालकाला दिसत असावा, आणि तो दिसेनासा झाला की गाडी थांबावी. वाहनतळाची आखणीच अशी करता येते की गाडी मागे घेण्याची वेळच क्वचित यावी. आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी, मार्ग एकेरी, आणि रांगा अशा की गाडी पुढूनच शिरेल व पुढूनच निघेल. पायी जाणाऱ्यांची वाट बांबू आणि दोर लावून वेगळी करावी. रांगा फक्कीने आखाव्यात, चिखलाच्या जागी मुरूम टाकावा. उजेड पुरेसा असावा, त्याच्या तारा खांबांवरून न्याव्यात आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. पहाटे गाड्या निघण्यापूर्वी प्रत्येक रांगेतून फेरी मारून चाकांखाली कोणी झोपले नाही ना हे पाहावे. स्वयंपाकाच्या चुली आणि गॅसच्या टाक्या यांसाठी वाहनांपासून दूर जागा राखावी. दरांचा फलक दर्शनी लावावा म्हणजे निम्मे तंटे उपजण्यापूर्वीच मिटतील. रात्रीच्या पाळीत रोकड सांभाळणारा माणूस एकटा नसावा.

यांतला क्रम महत्त्वाचा आहे. धोका मुळात नाहीसा करणे हे पहिले काम, तो माणसापासून दूर ठेवणे हे दुसरे, आणि माणसाच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट चढविणे हे सर्वांत शेवटचे. प्रत्यक्षात ठेकेदार काही करतोच, तर हे शेवटचे काम करतो, कारण जाकीट स्वस्त असते आणि छायाचित्रात दिसते. रस्ता एकेरी न आखता, उजेडाची सोय न करता, चौदा तासांच्या पाळीने डोळे मिटत असलेल्या माणसाला जाकीट दिल्याने फार तर इतकेच होईल की अपघातानंतर तो लवकर सापडेल. आठ तासांची पाळी, मध्ये विश्रांती, डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी, जवळ शौचालय, पायात बूट, पावसात रेनकोट आणि हाताशी प्रथमोपचाराची पेटी, हे मिळून सुरक्षितता होते. झोपेने पेंगणारा माणूस हा स्वतःला आणि यात्रेकरूंना सारखाच धोका आहे. म्हणूनच कामगाराची सुरक्षितता आणि वारकऱ्याची सुरक्षितता हे दोन प्रश्न मानताच येत नाहीत.

कायदा काय म्हणतो? भारतीय संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदाने कामगारांचे आरोग्य आणि बळ यांचा दुरुपयोग होऊ न देण्याची, आणि ४२ व्या अनुच्छेदाने कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची ठेवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कामाची जागा हे श्रमाचे मूलभूत तत्त्व म्हणून स्वीकारले. तत्त्वांची वाण नाही. वाण आहे ती तत्त्व मैदानापर्यंत पोहोचण्याची.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि कारखाने कायद्यासह १३ जुने कायदे तिने पोटात घेतले. जुना कारखाने कायदा वाहनतळाला लागू होत नव्हता. नव्या संहितेने व्यापार, व्यवसाय आणि धंदा चालणारी सर्व ठिकाणे कक्षेत घेतली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे, नेमणूकपत्र देणे, गंभीर अपघाताची खबर देणे ही मालकाची कर्तव्ये तिने ठरविली. परंतु तिच्या दारात एक उंबरठा आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर सामान्यतः ती लागू होत नाही. एकेका वाहनतळावर आठ-नऊ माणसे दाखविली की कायदा दाराबाहेरच थांबतो. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याने ही मर्यादा २० ठेवली होती. संहितेने ती ५० वर नेली. मुख्य कामात कंत्राटी मजूर लावण्यास संहितेने बंदी घातली खरी, पण राखण व पहारा ही कामे मुख्य नव्हेत असे ठरवून बंदीची धार त्यांच्यापुरती बोथट केली. कामगारासाठी केलेल्या कायद्यात कामगारच मोजणीबाहेर राहावा, हा योगायोग म्हणता येणार नाही. जो जितका असंघटित आणि विखुरलेला, त्याला धोका तितका अधिक असतो. आणि नेमका तोच कायद्याच्या छत्राबाहेर ठेवला जातो.

भरपाईचीही तीच कथा. कामावर इजा किंवा मृत्यू झाल्यास मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, ज्याच्याजवळ नेमणुकीचा कागद नाही, ज्याचा मुकादम यात्रेनंतर ओळख दाखवीत नाही, त्याच्या विधवेने कोणत्या न्यायालयात काय सिद्ध करावयाचे? २०२३ साली शासनाने वारकऱ्यांसाठी विमाछत्र योजना जाहीर केली. वारीच्या काळात मृत्यू आल्यास वारसाला ५ लाख रुपये देण्याची तीत तरतूद होती. वारकऱ्याला ते संरक्षण मिळालेच पाहिजे. पण त्याच मैदानात, त्याच चाकांपुढे, त्याच रात्री उभा असलेला मजूर वारीला आलेला नसून वारीसाठी राबत होता, एवढ्याच कारणाने तो छत्राबाहेर का राहावा?

या मागण्यांवर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की काम चार दिवसांचे, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? चार दिवसांच्या कामात चाकाखाली गेलेला पाय चार दिवसांपुरता जात नाही. शिवाय पंढरपुरातील वाहनांची गर्दी आता चार यात्रांपुरती राहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती लाखाच्या आतच होती, आणि त्याच शहरात दर एकादशीला, सुट्टीच्या दिवशी आणि अधिक महिन्यात बाहेरगावच्या मोटारींची रीघ लागते. आळंदी आणि देहूहून येणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसविण्यात आली. रुंद रस्ते अधिक वाहने आणतात हा सर्वत्रचा अनुभव आहे. रस्त्यावर खर्च करताना ती वाहने थांबणार कोठे, आणि त्यांच्यापुढे उभा कोण राहणार, याचाही हिशेब मांडणे ओघानेच आले.

दुसरा आक्षेप अधिक गोड भाषेत येतो: ही पांडुरंगाची सेवा आहे, येथे कसले तास आणि कसली पाळी? स्वेच्छेने केलेली सेवा पवित्रच आहे. पण जेथे ठेका आहे, पावती आहे आणि नफा आहे, तेथे मजुराच्या वाट्यालाच तेवढी सेवा का? विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून येथे समाधी बांधली, असे परंपरा सांगते. म्हणजे वारकरी ज्या पायरीवर आणि ज्या समाधीपुढे प्रथम मस्तक टेकवितात, तेथे कामावर मृत्यू आलेला एक मजूर चिरविश्रांती घेत आहे. संतांची ही नगरी श्रमिकाच्या मरणाला परकी नाही. परके आहे ते त्या मरणाकडे केवळ नशीब म्हणून पाहणारे प्रशासन.

हे प्रशासन लोकांनी हलविल्याशिवाय हलत नाही, हे पंढरपूरने पूर्वी दोनदा पाहिले आहे. १९४७ साली हरिजनांना विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी याच गावी प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा परंपरेच्या नावाने मिटलेली दारे उघडली. पुढे यात्रेच्या काळात माणसाकडून मैला उचलून घेण्याच्या प्रथेविरुद्ध जनहित याचिका झाली, आणि २०१४-१५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शासनाला शौचालयांची व वाळवंटाच्या स्वच्छतेची व्यवस्था करणे भाग पडले. सफाई कामगाराचे हाल यात्रेचा अपरिहार्य भाग म्हणून वर्षानुवर्षे खपवून घेतले गेले होते. ते अपरिहार्य नव्हते, हे नंतर सिद्ध झाले. वाहनतळावरच्या मजुराचेही तसेच आहे.

मार्गही महाराष्ट्राने स्वतःच घालून दिलेला आहे. आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे ओझी वाहणाऱ्या हमालाला मालक कोण, हा प्रश्न एके काळी असाच बिनउत्तराचा होता. संघटित लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्रिपक्षीय मंडळ आले, हमालाची नोंदणी झाली, मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरणे व्यापाऱ्याला बंधनकारक झाले आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार उभे राहिले. १९८१ च्या कायद्याने खाजगी सुरक्षारक्षकांसाठीही अशीच मंडळे आली. वाहनतळावरचा कामगार याच जातकुळीचा आहे. त्याची नोंदणी अशा मंडळाकडे व्हावी, आणि फाडल्या जाणाऱ्या प्रत्येक पावतीतील ठरावीक हिस्सा त्याच्या विम्यासाठी व आरोग्यासाठी वळता व्हावा, ही मागणी व्यवहार्य आहे. गाडीमागे एखादा रुपया याने ना भाविकाचे कंबरडे मोडेल, ना ठेकेदाराचे.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. वाहनतळाची जागा आणि ठेका देण्याचा अधिकार नगरपालिका, मंदिर समिती आणि जिल्हा प्रशासन यांच्या हाती आहे. निविदेच्या अटींत आठ तासांची पाळी, नावनिशीवार हजेरीपट, ओळखपत्र, विमा, पाणी, शौचालय, एकेरी मार्ग आणि अपघातनोंदवही या गोष्टी घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. जास्तीत जास्त बोली बोलणाऱ्याला ठेका, हा एकच निकष ठेवला की ती वाढीव बोली अखेरीस मजुराच्या झोपेतून आणि हाडांतून वसूल होते, हे सभागृहात बसणाऱ्या प्रत्येक सभासदाला ऐकविले पाहिजे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांचे काम येथूनच सुरू होते. यात्रेपूर्वी प्रत्येक वाहनतळावर कोण ठेकेदार, किती माणसे, किती तासांची पाळी, याची यादी तयार करावी. निविदेच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागवाव्यात. यात्रेच्या दिवसांत वाहनतळांवर जाऊन मजुरांशी बोलावे, थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद करावी, कारण टळलेला अपघात हीच होणाऱ्या अपघाताची पूर्वसूचना असते. एसटी कामगार, गृहरक्षक, सफाई कामगार आणि हमाल यांच्या संघटनांना या प्रश्नावर एकत्र आणावे. मजुराला त्याचा हक्क सांगावा: पाळी संपली की बदली मागण्याचा, उजेड नसेल तेथे उभे राहण्यास नकार देण्याचा, नेमणुकीचा कागद घेतल्याशिवाय शिट्टी हाती न धरण्याचा. एकट्याने हा नकार दिला तर तो दुसऱ्या दिवशी कामावर नसेल. सर्वांनी मिळून दिला तर ठेकेदाराला ऐकावे लागेल. वाहनतळ हेही कामाचे ठिकाण आहे, हे वाक्य पुढच्या यात्रेच्या आराखड्यात लिहिले जाईल तेव्हाच या खटपटीची पहिली पायरी पूर्ण होईल.